गुप्तग्राहकाचा अहवाल परत का येतो? फास्ट फूडच्या दुकानातली सेवा तपासण्याची नेमकी पद्धत

साखळी दुकानांत गुप्तग्राहक (मिस्ट्री शॉपर), म्हणजे साधा ग्राहक बनून एखाद्या संस्थेसाठी सेवा तपासणारा माणूस, म्हणून जाणाऱ्या नवख्या मंडळींचे अहवाल मोठ्या संख्येने परत येतात आणि परत येण्याची कारणे वर्षानुवर्षे तीच आहेत. बिल हरवलेले असते, वेळा अंदाजाने लिहिलेल्या असतात, सांगितलेला पदार्थ सोडून आवडीचा पदार्थ मागवलेला असतो आणि ‘सेवा एकदम भंगार झाली आहे’ या वाक्याखाली नेमके काय घडले ते कुठेच सापडत नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा जालना इथे राहून हे काम करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी दोन-तीन अडचणी येतात. पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून लिहिलेल्या सूचनांत त्या धरलेल्या नसतात. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, कारण यातल्या बहुतेक चुका दुकानात होत नाहीत, दुकानात जाण्यापूर्वी होतात.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. गुप्तग्राहकाला साक्षीदार म्हणून पाठवलेले असते, निवाडा करणारी माणसे वेगळी असतात.

टप्पा १ : काम देणारी संस्था खरी आहे का, हे तपासणे

खरी संस्था नोंदणीसाठी पैसे मागत नाही. या व्यवसायातल्या एमएसपीए या आंतरराष्ट्रीय संघटनेचीही भूमिका हीच आहे की गुप्तग्राहकाने काम मिळवण्यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नसतात. शिवाय ही संघटना स्वतः गुप्तग्राहक नेमत नाही, त्यामुळे तिच्या नावाने थेट नेमणूकपत्र आले तर ते तिथेच संशयास्पद समजावे. खऱ्या कामाची रीत साधी असते. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यायचा, एखादी छोटी चाचणी द्यायची आणि मग जवळपासच्या दुकानांची उपलब्ध कामे पाहून अर्ज करायचा. पदार्थाचे पैसे आधी स्वतः भरायचे असतात. अहवाल मंजूर झाल्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची परतफेड आणि वर थोडे मानधन मिळते, तेही बहुधा काही आठवड्यांनी.

याउलट टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रोज तीन हॉटेलांना रेटिंग द्या, घरबसल्या कमवा’ असा संदेश येतो, सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर खात्यावर जमा होतात आणि मग ‘पुढचे काम उघडण्यासाठी’ रक्कम भरायला सांगितले जाते. याला गुप्तग्राहकाचे काम म्हणत नाहीत, ही सरळ फसवणूक आहे.

*इशारा :* ओटीपी, यूपीआय पिन किंवा ‘पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ अशी मागणी झाली की संभाषण तिथेच थांबवावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

टप्पा २ : सूचनापत्र वाचणे आणि हिशेब मांडणे

काम स्वीकारण्यापूर्वी सूचनापत्र एकदा सलग आणि एकदा हातात पेन घेऊन वाचावे. दुसऱ्या वाचनात पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवाव्यात : कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेच्या चौकटीत, दुकानात बसून की पार्सल, नेमका कोणता पदार्थ आणि परतफेडीची कमाल मर्यादा. ‘सायंकाळी ७ ते ९’ असे लिहिले असेल तर ६ वाजून ५५ मिनिटांचे बिल चालत नाही. पाच मिनिटांनी काय बिघडते, असे आपल्याला वाटते. पण बिलावर छापलेली वेळ संगणक तपासतो आणि अहवाल माणसाच्या हातात पडण्यापूर्वीच नाकारला जातो.

पदार्थाच्या बाबतीत आपल्याकडे एक अडचण हमखास येते. काम शनिवारचे घेतलेले असते, सूचनापत्रात चिकनचा बर्गर लिहिलेला असतो आणि घरी श्रावण चालू असतो. अशा वेळी दुकानात उभे राहून ऐनवेळी पनीरचा पदार्थ मागवणे हा उपाय नव्हे. काम घेतानाच पंचांगावर नजर टाकावी. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आणि श्रावण धरून जे दिवस आपल्याला चालत नाहीत त्या दिवसांचे काम घेऊच नये किंवा शाकाहारी पर्याय चालेल का हे आधी लेखी विचारावे.

हिशेबही याच टप्प्यावर करावा. साखळी दुकाने प्रामुख्याने जिल्ह्याच्या शहरांत आहेत आणि प्रवासखर्च बहुतेक कामांत वेगळा मिळत नाही. गेवराईहून किंवा सेलूहून केवळ एका बर्गरसाठी एसटीने संभाजीनगर गाठणाऱ्याचे मानधन तिकिटातच जाते. शहरात दुसऱ्या कामासाठी जाणे असेल त्या दिवसाला जोडून काम घेतले तरच ते परवडते.

*तपासणी :* सूचनापत्र मिटवून पाचही गोष्टी तोंडपाठ सांगता येतात का? एखादी अडखळली तर पुन्हा वाचावे. दुकानात सूचनापत्र उघडून बघता येत नाही.

टप्पा ३ : ओळख निघण्याची शक्यता तपासणे

मोठ्या शहरांसाठी लिहिलेल्या सूचनांत हा टप्पा नसतो. मराठवाड्यात मात्र तो वगळून चालत नाही. लातूरला मी एकदा पूर्ण तयारीनिशी काउंटरपाशी पोहोचलो आणि टोपी घातलेल्या मुलाने मान वर करून विचारले, “काका, तुम्ही इकडं कसं काय?” तो माझ्या पुतण्याचा वर्गमित्र होता. मला न मागता मोठे फ्राइज मिळाले, टेबल दोनदा पुसून मिळाले आणि माझा अहवाल त्या क्षणी निकामी झाला. मी खाऊन, पैसे देऊन बाहेर आलो आणि संस्थेला खरे कारण कळवून काम परत केले. मानधन गेले, पण पुढची कामे मिळत राहिली.

म्हणून काम घेण्यापूर्वी घरात सहज चौकशी करावी की त्या दुकानात आपल्या गल्लीतले, नात्यातले किंवा शिकवणीतले कोणी कामाला आहे का. ज्या दुकानात आपण दर रविवारी मुलांना घेऊन जातो तेही टाळावे. चौकशी करताना ‘मी तपासायला जाणार आहे’ असे मात्र कुणालाही सांगू नये. गुप्तता राखण्याच्या करारात घरच्यांसाठी सवलत नसते, आणि मेहुण्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात पोहोचते हा सर्वांचाच अनुभव आहे.

टप्पा ४ : निघण्यापूर्वीची तयारी

फोन पूर्ण चार्ज करावा आणि त्यातली तारीख-वेळ नेटवर्कनुसार आपोआप जुळेल अशी ठेवावी. हातातले घड्याळ तीन मिनिटे पुढे ठेवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी त्या दिवशी ते घरी काढून ठेवावे. बिलावरची वेळ आणि अहवालातली वेळ जुळली नाही की सगळ्याच नोंदींवर शंका घेतली जाते.

सोबत रोख रक्कम असावी, तीही सुट्ट्यांसह. वीज गेली किंवा नेटवर्क रखडले की यूपीआय चालत नाही आणि ‘पैसे नसल्यामुळे मागणी देता आली नाही’ हे कारण ग्राह्य धरले जात नाही. पदार्थाचे तापमान मोजण्याचे काम असेल तर संस्था तसे स्पष्ट सांगते. असा थर्मामीटर आदल्या दिवशी घरच्या उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. तो शंभर अंशांच्या अगदी जवळ गेला नाही तर नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची तयारी आठवणीची आहे. कोणत्याही दुकानात, अगदी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवरही, दोन-तीन दिवस सराव करता येतो. रांगेत उभे राहिलो तेव्हा पुढे किती माणसे होती, पैसे घेणाऱ्याने नेमके कोणते शब्द वापरले, हातात वस्तू किती वाजता पडली, हे घरी येऊन लिहून काढावे. पहिल्या दिवशी शब्द आठवत नाहीत, फक्त सूर आठवतो. अहवालाला मात्र शब्द लागतात.

टप्पा ५ : दाराबाहेरची पाच मिनिटे

पार्किंग, पायरी, दाराची काच, बाहेरचा कचऱ्याचा डबा आणि दिवे ही पाहणी दारात शिरण्यापूर्वी उरकावी. नंतर ती करायची राहूनच जाते. फलकावरचा एखादा दिवा बंद असेल तर कोणत्या अक्षराचा ते लिहिता आले पाहिजे. बाहेर फोन कानाला लावून उभे राहणे ही सर्वांत नैसर्गिक दिसणारी पद्धत आहे आणि त्या वेळी टिपणही करता येते.

टप्पा ६ : वेळ मोजणे

सर्वाधिक अहवाल या टप्प्यावर बिघडतात, म्हणून तो सावकाश वाचावा. बहुतेक नवखे लोक दारात शिरतानाच घड्याळ सुरू करतात आणि पदार्थ हातात आल्यावर थांबवतात. मग ‘एकोणीस मिनिटे लागली’ असा एकच आकडा त्यांच्या हाती उरतो. त्या आकड्यातून उशीर कुठे झाला हे दुकानाच्या मालकाला कळत नाही. मोजायच्या वेळा चार असतात :

१. रांगेच्या शेवटी उभे राहिलो तो क्षण.
२. काउंटरवरच्या व्यक्तीने आपल्याशी पहिला शब्द बोलला तो क्षण.
३. पैसे देऊन झाले आणि बिल हातात आले तो क्षण.
४. मागवलेला शेवटचा पदार्थ ट्रेमध्ये आला तो क्षण.

शेवटच्या नोंदीतला ‘शेवटचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बर्गर आला आणि पेय राहिले असेल तर ट्रे पूर्ण झालेला नसतो. तसेच पडद्यावर टोकन क्रमांक झळकला तरी पदार्थ प्रत्यक्षात काउंटरवर आलेला असतोच असे नाही. काही ठिकाणी आकडेवारी चांगली दिसावी म्हणून पदार्थ तयार होण्याआधीच टोकन ‘तयार’ दाखवले जाते. असे दिसले तर क्रमांक झळकल्याची वेळ आणि ट्रे मिळाल्याची वेळ या दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्यात.

वेळ नोंदवण्यासाठी वही काढायची गरज नाही. प्रत्येक क्षणी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर पाठवावे. रांगेसाठी ‘र’, काउंटरसाठी ‘क’, बिलासाठी ‘ब’ आणि ट्रेसाठी ‘ट’ पुरतो. संदेशाशेजारी वेळ आपोआप छापली जाते आणि बघणाऱ्याला माणूस फोनमध्ये डोके घालून बसला आहे इतकेच दिसते, जे हल्ली सगळेच करतात.

चार वेळांसोबत चार आकडे टिपावेत : रांगेत पुढे किती माणसे होती, एकूण काउंटर किती, त्यांपैकी चालू किती आणि घरपोच मागणीचे पार्सल घ्यायला आलेले किती जण थांबले होते. प्रश्नावलीत यांतले सगळे विचारलेले नसते, तरीही टिपावेत. कशासाठी ते टप्पा १० मध्ये येईल.

*तपासणी :* काउंटर सोडण्यापूर्वी चारपैकी तीन अक्षरे फोनवर गेलेली असली पाहिजेत. एखादे राहिले असेल तर ती वेळ अंदाजाने भरू नये, ‘नोंदवता आली नाही’ असे लिहावे. एक रिकामी जागा माफ होते, बनावट वेळ होत नाही.

टप्पा ७ : काउंटरवरचे बोलणे आणि बिल

काउंटरवर नेहमीसारखेच बोलावे. मराठीत बोलत असाल तर मराठीतच सुरुवात करावी. मुद्दाम अडवणूक करणारे प्रश्न विचारणे, ‘मॅनेजरला बोलवा’ म्हणणे किंवा पदार्थ परत करणे या गोष्टी सूचनापत्रात लिहिल्या असतील तरच कराव्यात. कर्मचाऱ्याचा संयम तपासायला म्हणून भांडण उकरून काढणारे काही महाभाग आहेत. त्यांचा अहवाल स्वतःच घडवलेल्या प्रसंगाचा असतो आणि तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी क्रमाने येतात : अभिवादन झाले का आणि कोणत्या शब्दांत, नजर वर करून बोलले का, जास्तीचा पदार्थ सुचवला का, मागणी परत वाचून दाखवली का, रक्कम तोंडी सांगितली का आणि बिल न मागता दिले का. ‘सोबत कोल्ड ड्रिंक देऊ?’ आणि ‘अजून काही?’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात पदार्थाचे नाव घेतलेले आहे, दुसऱ्यात नाही. प्रश्नावली बहुधा नेमके हेच विचारते आणि नवखा माणूस दोन्हींना ‘होय’ लिहून मोकळा होतो.

बिल खिशात टाकण्यापूर्वी तिथेच वाचावे. दिनांक, वेळ आणि दुकानाचा पत्ता बरोबर आहे का, ते आधी पाहावे. मग अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी परवाना क्रमांक शोधावा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर तो छापणे बंधनकारक आहे. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो आणि तो निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा असा दोन ओळींत दिसतो, म्हणजे २४० रुपयांच्या पदार्थावर ६ आणि ६ मिळून १२ रुपये. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या दुकानाला मात्र ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

बिलाबाबत दोन गोष्टींत वारंवार चूक होते. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या मार्गदर्शक सूचना कायम ठेवल्या. म्हणून अशी ओळ दिसली तर रकमेसह नोंदवावी. पाण्याच्या बाटलीचे मात्र वेगळे आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये पुरवलेल्या बाटलीबंद पाण्याला छापील किमतीचे बंधन लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तेव्हा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याचे दिसले तर आकडे लिहावेत आणि ‘बेकायदेशीर’ हा शब्द टाळावा.

*इशारा :* सेवा शुल्काची ओळ दिसली म्हणून तिथेच वाद घालू नये आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोनही लावू नये. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे, पण त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या कामावर आहात.

टप्पा ८ : टेबलावर

ट्रे टेबलावर ठेवला की पहिला घास घेण्यापूर्वी छायाचित्र काढावे. अर्धा खाल्लेला बर्गर कोणत्या अवस्थेत मिळाला होता हे नंतर सिद्ध करता येत नाही. छायाचित्रात ट्रे, पदार्थ आणि बिल एकत्र यावेत. शेजारच्या टेबलावरची माणसे, विशेषतः मुली आणि लहान मुले, चुकूनही चौकटीत येऊ देऊ नयेत. आपल्या गावात यावरून किती लवकर आवाज चढतो हे वेगळे सांगायला नको. ध्वनिमुद्रण तर लेखी सूचना नसताना करूच नये.

तापमान मोजायचे असल्यास ते याच वेळी मोजावे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर ठेवावे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, परंतु तो साठवणुकीच्या वेळचा आहे. टेबलावर येईपर्यंत थोडी घट होतेच. म्हणून ट्रे मिळाल्यापासून किती वेळाने मोजले तेही तापमानाशेजारी लिहावे.

बसण्याची जागा अशी निवडावी की काउंटर आणि कचऱ्याचा डबा दोन्ही दिसतील. टेबल किती वेळ उष्टे पडून राहिले, कर्मचाऱ्याने फडके कशात बुडवले, तेच फडके खुर्चीलाही लावले का, हे पंधरा मिनिटांत दिसून जाते.

स्वच्छतागृहाची पाहणी खाऊन झाल्यावर करावी. मराठवाड्यात इथे एक विशेष चूक होते. नळाला पाणी नसेल तर आपले लोक समजूतदारपणे ती नोंद सोडून देतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तिथल्या माणसाला एप्रिलमध्ये कोरडा नळ पाहून आश्चर्य वाटत नाही, हे खरे आहे. परंतु हात धुण्याच्या ठिकाणी पाणी नसणे ही खाद्यपदार्थाच्या दुकानातली सर्वांत गंभीर नोंद आहे, कारण त्याच मजल्यावर कर्मचारीही हात धुतात. नळ कोरडा होता, बादली ठेवली होती की नाही आणि सूचना लावली होती की नाही, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. दुष्काळाचे कारण आपल्या पदरचे जोडू नये.

टप्पा ९ : बाहेर पडल्यावर लगेच

दुकानातून बाहेर पडून नजरेआड व्हावे आणि दहा मिनिटांच्या आत टिपण काढावे, घरी जाऊन नव्हे. ऐकलेली वाक्ये आधी लिहावीत कारण ती सर्वांत आधी पुसली जातात. आकडे आणि वेळा फोनवर आहेतच.

बिलाचे छायाचित्र त्याच जागी काढावे. मे महिन्यात जालना रोडवर मोटारसायकलच्या डिकीत बिल टाकून मी दोन तास दुसऱ्या कामाला गेलो आणि परत येऊन पाहतो तो कागद पुरता काळा पडलेला, एक आकडाही वाचता येईना. ही बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात, त्यामुळे शाई सांडावी तसा सगळा कागद उन्हात काळवंडतो. ते बिल सपाट, कोरड्या जागी, शक्यतो वहीत ठेवावे. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्याने छपाई फिकी होते. मानधन जमा होईपर्यंत मूळ बिल टाकू नये.

टप्पा १० : अहवाल लिहिणे

अहवाल त्याच रात्री लिहावा. प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे मी पाहिले किंवा ऐकले, की मला वाटले? वाटलेले वाक्य खोडावे आणि ते ज्यावरून वाटले ते लिहावे.

‘मुलगी उद्धट होती’ हे वाटलेले आहे. ‘मी मागणी सांगत असताना ती मागे वळून सहकाऱ्याशी बोलत होती, मी दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने पडद्याकडे पाहत “हां, बोला” म्हटले’ हे पाहिलेले आणि ऐकलेले आहे. ‘फ्राइज शिळे होते’ हेही वाटलेले आहे, कारण ते केव्हा तळले हे आपल्याला ठाऊक नाही. ‘फ्राइज कोमट आणि मऊ होते, उचलल्यावर वाकत होते’ असे लिहिले की वाचणारा स्वतः समजतो. ‘फार वेळ लागला’ या वाक्याला तर अहवालात जागाच नाही.

कर्मचाऱ्याची ओळख देताना बिल्ल्यावर जे नाव असेल तेवढेच लिहावे. बिल्ला नसेल तर ‘बिल्ला नव्हता’ अशी नोंद करून उंची, चष्मा, केस आणि गणवेश एवढ्यावर थांबावे. आडनाव ओळखीचे असले तरी ते लिहू नये. आपल्याकडे आडनावाबरोबर आणखी काय काय सांगितले जाते ते सर्वांना माहीत आहे. रंग, बोलीचा हेल आणि गाव यांचाही अहवालाशी संबंध नाही.

आता टप्पा ६ मध्ये टिपलेल्या चार आकड्यांविषयी. एका सायंकाळी माझ्या नोंदी अशा होत्या : ७ वाजून १२ मिनिटांनी रांग, ७.१८ ला काउंटर, ७.२० ला बिल आणि ७.३१ ला ट्रे. नुसत्या या वेळा पाठवल्या असत्या तर सगळा दोष गल्ल्यावरच्या एकट्या मुलाच्या माथी आला असता. पण तीनपैकी दोन काउंटर बंद होते, घरपोच सेवेचे पाच जण पार्सलसाठी थांबलेले होते आणि तोच मुलगा पैसे घेऊन मागे जाऊन पेये भरत होता. त्याने नजर वर करून नमस्कार केला नाही हे खरे होते आणि मी तसे लिहिलेही, मात्र शेजारी हे आकडेही लिहिले. सेवा खालावली अशी ओरड सगळीकडे आहे आणि ती निराधार नाही. पण माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावात नसते, त्या शिफ्टला किती माणसे लावली आहेत यात असते. दुकानात बसलेल्यांची रांग आणि फोनवरून येणाऱ्या मागण्यांची अदृश्य रांग एकाच स्वयंपाकघरावर येऊन पडतात. हे तक्त्यात दिसत नाही, तुमच्या दोन ओळींत दिसू शकते.

त्याच कारणाने ‘पूर्वीपेक्षा सेवा घसरली आहे’ हे विधान एका भेटीच्या आधारावर करू नये. ते करायचेच असेल तर त्याच दुकानाला, त्याच वारी, त्याच वेळेच्या चौकटीत किमान तीन भेटी झालेल्या असाव्यात आणि प्रत्येक भेटीचे चारही आकडे हाताशी असावेत. मंगळवारी दुपारची शांतता आणि रविवारी रात्रीची झुंबड यांची तुलना केली तर कोणतेही दुकान घसरलेलेच दिसेल.

*तपासणी :* अहवाल पाठवण्यापूर्वी गुण आणि वर्णन शेजारी ठेवून वाचावेत. स्वच्छतेला पूर्ण गुण आणि वर्णनात ‘टेबलावर सॉसचे डाग होते’ अशी विसंगती हे अहवाल परत येण्याचे आणखी एक नेहमीचे कारण आहे.

टप्पा ११ : पाठवल्यानंतर

संस्थेत अहवाल तपासणाऱ्या संपादकाकडून एखाददुसरा प्रश्न येतो. त्याचे उत्तर टिपण पाहून द्यावे. टिपणात नसेल तर आठवत नाही असे कळवावे. प्रश्न आला म्हणून मूळ उत्तर बदलण्याची घाई करू नये, कारण अनेकदा तो केवळ खात्री करण्यासाठी विचारलेला असतो.

दुकानाविषयी समाजमाध्यमांवर काहीही लिहू नये, चांगलेही नाही. त्या दुकानात ग्राहक म्हणून पुन्हा जायचे असेल तर जरूर जावे, परंतु तेच काम पुन्हा घेण्यापूर्वी संस्थेने ठरवलेले अंतर पाळावे. ते बहुधा काही महिन्यांचे असते. या काळात टिपणाची वही, बिल आणि फोनवरची चार अक्षरे जपून ठेवावीत. दुकानाने आक्षेप घेतला तर संस्था पहिल्यांदा हीच मागते.